दोन वाजताची ओळ

जगाचं वरातीमागून घोडं असतं. मावशीचं घोडं आदल्या दिवशीच मांडवात येऊन उभं राहायचं. उद्याची भाजी आज चिरलेली, आभाळ नुसतं भरून आलं की दोरीवरचे कपडे घरात, आणि बसथांब्यावर ती अशी वेळेआधी हजर की कधी कधी आधीचीच बस मिळून जायची. सासू होती तोवर म्हणायची, ही बया एक दिवस शिंक यायच्या आधी नाक पुसेल. कामाच्या ठिकाणी बाकीच्या बायांनी तिला ‘आगाऊ मावशी’ असं नाव पाडलं होतं. तिला त्याचा राग नव्हता. या गुणानंच तिला आजवर तारलं होतं. त्यानंच तिचा घात केला, पण ते पुढं.

कामाचं ठिकाण म्हणजे अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसांना ठेवायचं घर. पाटीवर लांबलचक नाव होतं, पण आत सगळे त्याला नुसतं ‘होम’ म्हणत. तळमजल्यावर दोन मोठ्या खोल्या, प्रत्येकीत सहा खाटा, मधल्या बोळात एक टेबल, टेबलावर हातमोज्यांचा खोका आणि रजिस्टर. पुढच्या खोलीतल्या सहा खाटा मावशीच्या. भरवायचं, पुसायचं, डायपर बदलायचे, आणि ज्याला स्वतःहून हलता येत नाही त्याची दर दोन तासांनी कूस बदलायची. कूस बदलणं हे सगळ्यांत महत्त्वाचं. दोनाचे चार तास झाले की कातडी लाल होते, लालाची जखम होते, आणि एकदा जखम धरली की माणूस हळूहळू त्या जखमेतूनच जातो. बारा वर्षांत मावशीच्या एकाही माणसाच्या पाठीला जखम झाली नव्हती. घड्याळात दोनचा ठोका पडायच्या आधी तिचे हात चादरीखाली गेलेले असत.

एका महिन्याच्या पहिल्याच दिवशी सिस्टरनं सगळ्या मावश्यांना टेबलाभोवती उभं केलं. सिस्टर म्हणजे होमची प्रमुख. वयानं मावशीच्या मुलीएवढी, आणि कायम झोप न झाल्यासारखी. आजवर मावश्या काय केलं ते तोंडी सांगत आणि सिस्टर ते रजिस्टरमध्ये लिहून घेई. आता वरून तपासणी येणार होती. यापुढं ज्यानं काम केलं त्यानंच लिहायचं. इंग्रजीत, पूर्ण वाक्यात, वेळ घालून. दीड महिन्यात ज्यांना जमणार नाही त्यांच्या जागी लिहिता येणाऱ्या मुली घेणार होते. हे सांगताना सिस्टर कुणाकडंही न बघता हातमोज्यांच्या खोक्याकडं बघत होती.

मावशीच्या तोंडचं पाणी पळालं. शाळा सातवीपर्यंत झालेली. इंग्रजी अक्षरं लावून ती औषधाच्या बाटलीवरचं नाव वाचायची, पण आख्खं वाक्य लिहायचं म्हणजे डोंगर. नवरा दोन वर्षांपूर्वी पहाडावरून, म्हणजे इमारतीच्या बांबूंच्या पहाडावरून, पडला तेव्हापासून कंबर धरून घरी बसलेला. पन्नाशीच्या बाईला दुसरीकडं कोण उभं करणार होतं? त्या दिवशी ती सगळी कामं निमूटपणे करत होती आणि चौथ्या खाटेपाशी आल्यावर तिच्या डोळ्यांतून पाणी टपकलं, ते खाटेवरच्या बाईंच्या मनगटावर पडलं.

या बाई अडतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या. उजवं अंग झटक्यानं गेलं होतं, जीभ जड झाली होती, चार शब्दांनंतर थांबावं लागे. डोकं मात्र शाबूत, नको तितकं शाबूत. भिंतीवरच्या सूचनेत इंग्रजीची चूक होती म्हणून त्यांनी सिस्टरला ती दोनदा उतरवायला लावली होती. त्यांनी डावा हात हलवून मावशीला जवळ बोलावलं आणि काय झालं ते काढून घेतलं. मग एकेक शब्द जुळवत म्हणाल्या, “रडायचं नंतर. आधी वही आण. आणि लाल पेन्सिल.”

दुसऱ्या दिवसापासून शाळा सुरू झाली. सकाळी नऊ ते दहा, पुसणं-भरवणं आटोपल्यावर, कारण तेवढाच एक तास बाईंची जीभ धड चालायची. बाईंनी तिला काळांची नावं सांगितली नाहीत की नियम पाठ करायला लावले नाहीत. एकच गोष्ट धरली. प्रत्येक वाक्यात एक मुख्य क्रियापद असतं. काय घडलं ते तेच सांगतं. त्याच्या पुढ्यात एक किंवा दोन सहायक क्रियापदं असतात. ते घडून गेलं, घडतंय की घडायचंय, एवढंच ती सांगतात. मुख्य क्रियापदाखाली रेघ मारायची, सहायकाला चौकोन करायचा. ‘पेशंट हॅज बीन फेड.’ ‘हॅज’ला चौकोन, ‘बीन’ला चौकोन, ‘फेड’खाली रेघ.

मावशीनं थोडा विचार केला आणि म्हणाली की हे आमच्यासारखंच झालं की. मुख्य म्हणजे सिस्टर, आणि आम्ही पुढ्यात उभ्या असलेल्या सहायक. बाईंच्या अर्ध्या चेहऱ्यावर हसू आलं. त्या म्हणाल्या, उलट आहे. जो कूस बदलतो तो मुख्य. सही करणारी सिस्टर सहायक. पुढं आठवडाभर सिस्टर खोलीत आली की मावशी बोटानं हवेत चौकोन काढायची आणि बाई छातीतल्या छातीत खोकल्यासारखं हसायच्या.

बाई कडक होत्या. वाक्य लिहून झालं की मावशी विचारायची, “बरोबर आहे का?” चुकलं असेल तर बाई काहीच बोलत नसत, लाल पेन्सिलचं टोक त्या शब्दावर ठेवून वाट बघत बसायच्या. बरोबर असेल तर “बरोबर आहे” एवढंच म्हणत, आणि बारीकशी खूण करत. शाबासकी नाही, कौतुक नाही. पण ते दोन शब्द ऐकायला मावशी अर्धा तास आधी कामावर येऊ लागली. प्रत्येक पानावर वर तारीख घालायचीच, हा बाईंचा दंडक. तारीख नसलेलं पान त्या बघतच नसत. घरी नवरा चिडवायचा, की या वयात शाळेत घातलंय हिला, आता डबा आणि दप्तर तेवढं घेऊन द्यायचं राहिलंय. ती हसायची. खरं सांगायचं तर, लग्न झाल्यापासून कुणी तिला रोज एक तास फक्त तिच्यासाठी दिला नव्हता.

तीन आठवड्यांत तिला वाक्यं येऊ लागली, पण वेळेवर येईनात. हात ओला, मागून कुणी हाका मारतंय, आणि टेबलापाशी उभं राहून ‘टर्न्ड’ची अक्षरं आठवायची; घाम फुटायचा. एकदा सिस्टरनं चार चुका दाखवून रजिस्टर तिच्यासमोर आपटलं. मग मावशीनं आपल्या स्वभावाला धरून तोड काढली. दिवसभर काय करायचं ते ठरलेलंच आहे ना? आठला पाठीवर, दहाला उजव्या कुशीवर, बाराला डाव्या, दोनला परत पाठीवर, दोन घोट पाणी, चारला उजवीकडं, सहाला चहा. मग सकाळी नऊलाच बाईंच्या समोर दिवसाची सगळी वाक्यं कच्च्या वहीत लिहायची, बाईंकडून तपासून घ्यायची, आणि दहाला रजिस्टरमध्ये शाईनं उतरवून मोकळं व्हायचं.

बाईंना ते आवडलं नाही. त्यांनी पेन्सिल वहीवरून उचलून धरली. म्हणाल्या की न घडलेलं घडलं म्हणून लिहिणाऱ्याला मी वर्गात शून्य दिलं असतं. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, तसली ही तऱ्हा. मावशी म्हणाली की पण घडणारच आहे ना, बाई; मी कधी चुकलेय का? आणि नोकरी गेली तर? बाईंनी तिच्याकडं बघितलं. बारा वर्षांत एकही जखम नाही हे त्यांच्या स्वतःच्या पाठीला ठाऊक होतं. त्यांनी पेन्सिल वहीवर टेकवली आणि त्या दिवसाच्या संध्याकाळच्या सहाच्या वाक्यापर्यंत सगळी वाक्यं तपासून दिली.

महिना असाच गेला. रजिस्टरमध्ये मावशीचं पान सगळ्यांत स्वच्छ. सिस्टरनं एकदा ते दुसऱ्या मावश्यांना दाखवलंसुद्धा. मावशीच्या बाकीच्या माणसांचं काही अडत नव्हतं. ती बोलणारी होती, वेळ झाली की ओरडून आठवण करून देत. एकट्या बाईंना ओरडता येत नसे. त्यांची घंटीही डाव्या हाताशी. आणि बारा ते दोन त्या डाव्या कुशीवर असत तेव्हा तो हात अंगाखाली अडकायचा. बाई म्हणायच्या, हे दोन तास माझ्या मौनव्रताचे. मावशी दोनला गेली की आधी तो हात मोकळा करायची, बोटं चोळायची आणि मग घंटी मुठीत द्यायची.

तो दिवस मंगळवार होता. सकाळी नऊला शाळा झाली. बाईंनी सगळी वाक्यं तपासली. एकही चूक नव्हती. “आता तुला माझी गरज नाही,” असं त्या म्हणाल्या आणि मावशीनं ते थट्टेवारी नेलं. दहाला रजिस्टर भरून झालं. साडेदहाला निरोप आला की मागच्या खोलीतली मावशी पाय मुरगळून घरी बसलीय, आणि तिच्या सहा खाटा आज आगाऊ मावशीनंच सांभाळायच्या.

बारा माणसं. मावशीनं पदर खोचला. मागच्या खोलीतल्या लोकांची वाक्यं काही आधी लिहिलेली नव्हती, तेव्हा काम केलं की धावत टेबलापाशी, लिहिलं की धावत परत. बाराला तिनं बाईंना डाव्या कुशीवर केलं, पाठीमागं उशी लावली, ऊन येत होतं म्हणून खाटेभोवतीचा पडदा ओढला. एकच्या सुमारास मागच्या खोलीतल्या एका आजोबांनी अंथरुणात सगळी घाण केली आणि ती त्यांनीच हातानं भिंतीला फासली. त्यांना धुणं, खाट धुणं, भिंत धुणं, आणि ते सगळा वेळ तिला चोर म्हणून शिव्या घालत होते. तेवढ्यात शेजारच्या आजींची लघवीची नळी निघाली. सगळं निस्तरून मावशी टेबलापाशी आली तेव्हा घड्याळात सव्वादोन वाजले होते आणि तिच्या डोक्याचा नुसता भुगा झाला होता. कुणाचं झालं, कुणाचं राहिलं, काही म्हणजे काही आठवेना.

तेव्हा तिनं रजिस्टर उघडलं. आयुष्यात पहिल्यांदाच तिला आपलं काम आठवायला कागद लागला. पानांवर बोट फिरवत ती गेली. मागच्या खोलीतली तिसरी खाट, लिहायचं राहिलं होतं. पाचवी, राहिलं होतं. मग तिचं स्वतःचं पान आलं. खाट चार, दोन वाजता, ‘पेशंट हॅज बीन टर्न्ड अँड गिव्हन वॉटर’. सुबक अक्षर, तिचंच. शाई तीच. झालं वाटतं, असं ती मनाशी म्हणाली आणि मागच्या खोलीतल्या पाचव्या खाटेकडं धावली.

चारला तिनं पडदा सरकवला. बाई डाव्याच कुशीवर होत्या. उशीवर ओकारीचा ओघळ वाळला होता, तोंड उघडं, डोळे उघडे आणि घंटीच्या दिशेला. अंगाखालून डाव्या हाताची दोन बोटं बाहेर आलेली, चादरीत रुतलेली. मावशीनं आधी तो हात सोडवला आणि त्याची बोटं चोळायला लागली. ती किती वेळ चोळत होती ते तिला सांगता आलं नसतं. शेवटी सिस्टरनं येऊन तिला बाजूला केलं.

डॉक्टर आले, त्यांनी बघितलं, वय झालं होतं म्हणाले. ओकारी श्वासनळीत गेली असावी. कधी? तीनच्या सुमाराला, थोडं अलीकडं पलीकडं. मावशी दाराशी उभी राहून ऐकत होती. दोनला बाई जिवंत होत्या. सव्वादोनला ती टेबलाशी उभी होती, बाईंच्या खाटेपासून मोजून अकरा पावलांवर, आणि त्यांच्याबद्दल वाचत होती.

डॉक्टर गेल्यावर सिस्टरनं रजिस्टर पुढ्यात ओढलं. वाचता वाचता तिचा चेहरा उतरला. चारला कूस बदलली, सहाला चहा घेतला, मेलेल्या बाईनं. मग तिनं पट्टी लावून ते पान फाडलं आणि मावशीला नव्या पानावर फक्त दोनपर्यंत उतरवायला सांगितलं. ती ओरडली नाही. हळूच म्हणाली, “दोनची ओळ आहे म्हणून आपण सगळे वाचलो, मावशी. दोनला तुम्ही गेला होतात ना?”

मावशीनं मान हलवली. वर-खाली हलवली. मान हलवायला काय लागतं? तिनं नवं पान लिहिलं. एकही चूक झाली नाही, आणि याचीच तिला सगळ्यांत जास्त किळस आली.

त्या रात्री ती जेवली नाही. नवऱ्यानं विचारलं तर म्हणाली की चौथ्या खाटेवरच्या बाई गेल्या. तो म्हणाला, सुटल्या बिचाऱ्या. लोक असंच म्हणतात. तिनंही बारा वर्षांत कितीदा म्हटलं होतं.

बाईंची मुलगी दुसऱ्या दिवशी सकाळी आली. दूरच्या शहरात राहणारी, पंचेचाळिशीची, चष्म्याआडून बाईंसारखंच रोखून बघणारी. सगळे सोपस्कार उरकून ती दुपारी होममध्ये आईचं सामान न्यायला आली. सिस्टरनं तिला रजिस्टर दाखवलं. तिनं ते नीट वाचलं, आणि मग मावशीला शोधत चौथ्या खाटेपाशी आली. मावशी कपाट रिकामं करत होती. मुलीनं तिचे दोन्ही हात धरले.

तिनं सांगितलं की रात्रभर प्रवासात तिला एकच गोष्ट खात होती. आई एकटी, बेवारशासारखी गेली का. आता वाचलं तेव्हा जरा जीव खाली पडला. निदान शेवटच्या तासात कुणीतरी तिला हात लावला होता, पाणी दिलं होतं. एवढं बोलून तिनं चष्मा पुसला. मग तिनं विचारलं की दोनला आई काही बोलली का.

मावशीला वाटलं, जमिनीनं पोटात घ्यावं. ती म्हणाली, की काही नाही, ताई, पाणी प्यायल्या. आणि ती कपाटात डोकं घालून उभी राहिली.

सामान फारसं नव्हतंच. चार गाऊन, चष्मा, एक शाल, टूथब्रश. खालच्या कप्प्यातून मुलीनं वही काढली. काल सगळं सारवलं, पण ही वही मावशीच्या ध्यानातच आली नव्हती. आगाऊ मावशी पहिल्यांदा उशिरा पोचली होती.

मुलगी खाटेच्या कडेला बसली आणि पानं उलटू लागली. लाल चौकोन, लाल रेघा. ती रडता रडता हसली. म्हणाली की आमच्याकडं ताटावर बसल्यावरसुद्धा हेच. मुख्य क्रियापद सांगितल्याशिवाय दुसरी पोळी मिळायची नाही. वही मावशीची हे कळल्यावर तिला तिचं फार कौतुक वाटलं. उलटत उलटत ती शेवटच्या पानावर आली. वर कालची तारीख होती. खाली आठ, दहा, बारा, दोन, चार, सहा. सहाच्या ओळीपुढंही आईच्या थरथरत्या हातची बारीक लाल खूण.

तिचं हसू हळूहळू गेलं. तिनं तारीख पुन्हा वाचली. मग मान वर केली, आणि तिनं स्वतःच, अगदी आशेनं, मावशीच्या हातात सुटकेची दोरी दिली. “हा नुसता सराव असेल, नाही?”

‘हो’ म्हणायचं होतं. एवढंच. सिस्टर वाचली असती, घर चाललं असतं, ही पोरगीसुद्धा आपली समजूत घेऊन शांतपणे गाडीत बसली असती. ‘हो’ म्हटल्यानं कुणाचंच वाईट होणार नव्हतं. मावशीनं तोंड उघडलंही. पण वहीवर ती लाल खूण होती. बाईंनी नाखुशीनं, केवळ मावशीच्या भरवशावर केलेली; मी कधी चुकलेय का, असं तिनं विचारलं म्हणून केलेली. आणि त्या भरवशावरच त्या दोन तास, तीन तास घंटीकडं बघत पडून राहिल्या होत्या.

“नाही, ताई,” ती म्हणाली. “हे सकाळीच लिहायचो आम्ही. दोनचंही सकाळीच लिहिलं होतं.”

“मग दोनला?”

“दोनला मी गेलेच नाही. रजिस्टरमध्ये लिहिलेलं दिसलं, म्हणून मला वाटलं झालं.”

मग तिनं सगळं सांगितलं. बारा माणसं, भिंत, नळी हे तिनं आधी सांगितलं, आणि सांगताना तिलाच कळलं की त्यानं काही फरक पडत नाही. मग पडदा सांगितला, घंटी सांगितली, अंगाखाली अडकलेला हात सांगितला. मुलगी ऐकत होती. ती ओरडली असती, तिनं थोबाडीत मारली असती, तर मावशीला बरं वाटलं असतं. ती फक्त वहीचं पान अंगठ्यानं चोळत राहिली, जणू काही त्या खुणेचा रंग जातो का ते बघत होती.

मग ती म्हणाली, “लिहून द्या.”

मावशी खाटेजवळच्या स्टुलावर बसली. रोज तिथंच बसायची. मुलीनं वही तिच्यासमोर धरली, कोरं पान काढलं. मावशीनं आधी वर तारीख घातली. मग तिनं विचार केला, की काय घडलं? ते मनात धरलं आणि लिहिलं. ‘ॲट टू पी.एम. पेशंट वॉज नॉट टर्न्ड.’ खाली, ‘आय हॅड रिटन इट इन द मॉर्निंग.’ त्याखाली, ‘शी वॉज वेटिंग.’ तिसरं वाक्य तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. मग हाताला सवय म्हणून तिनं कपाटावरची लाल पेन्सिल उचलली. ‘वॉज’ला चौकोन, ‘टर्न्ड’खाली रेघ. ‘हॅड’ला चौकोन. ‘वेटिंग’खाली रेघ मारताना टोक मोडलं.

तिनं वही पुढं केली, आणि तोंडातून निघून गेलं, “बरोबर आहे का?”

मुलीनं वाचलं. ‘रिटन’मध्ये एक अक्षर कमी होतं, ते तिला दिसलं हे मावशीला दिसलं. मुलीचं बोट त्या शब्दावर जाऊन थांबलं, अगदी बाई पेन्सिलचं टोक ठेवत तसं. मग तिनं बोट उचललं.

“बरोबर आहे,” ती म्हणाली. तिनं पान फाडलं नाही. आख्खी वही मिटून छातीशी धरली आणि ती सिस्टरच्या खोलीकडं चालू लागली. शाल तशीच खाटेवर राहिली.

मावशीचे हात ॲप्रनच्या गाठीकडं गेले. आता कुणी बोलावून सांगायच्या आधी ॲप्रन काढावा, घडी घालावी, कपाटाची किल्ली टेबलावर ठेवावी. गाठ अर्धी सुटलीही. तेवढ्यात तिची नजर घड्याळावर गेली. दोन वाजत होते. सहाव्या खाटेवरचे आजोबा बारापासून एका कुशीवर होते आणि अजून ओरडले नव्हते. तिनं गाठ पुन्हा बांधली आणि ती त्यांच्याकडं गेली. त्यांना पाठीवर केलं, दोन घोट पाणी पाजलं, हनुवटी पुसली, घंटी मुठीत दिली. मग हात धुऊन, पुसून, ती टेबलापाशी आली आणि तिनं रजिस्टर उघडलं. दोनची ओळ सकाळपासून कोरी होती. ती लिहीत असतानाच सिस्टरच्या खोलीतून तिला हाक आली, आणि वाक्य पुरं करून मग ती गेली.